बटाटा मार्चचा, मागणी श्रावणातली: इंदूरच्या एका महिला गटाचे अनुदान प्रकरण

‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या धोरणाखाली इंदूर जिल्ह्यासाठी बटाट्याची निवड झालेली आहे. महू, सांवेर, देपालपूर या तहसिलींत रब्बी हंगामात बटाटा मोठ्या प्रमाणावर घेतला जातो, जानेवारी ते मार्च या काळात तो निघतो आणि त्याचा बराचसा भाग चोइथराम मंडीतून पुढे जातो. याच शहरात रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर अशा भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी उन्हाळी वाळवणाचा रिवाज टिकवून ठेवला आहे. बटाट्याचा कीस, उकडून वाळवलेले वेफर, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या हे पदार्थ आधी नात्यागोत्यात, मग ओळखीच्या दुकानात आणि त्यानंतर ऑर्डरीवर विकले जाऊ लागले. शेत आणि गच्ची यांच्यामध्ये साठवण, वाहतूक, प्रतवारी आणि वाळवणी यांची जी साखळी लागते ती मात्र कोणी बांधलेली नव्हती. ती बांधण्यासाठी सरकारी अनुदान कितपत उपयोगी पडते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

येथे वर्णन केलेला गट म्हणजे शहरातील अमुक एक गट नव्हे. अशा गटांची जी सर्वसाधारण स्थिती असते तिच्यावरून प्रकरण बांधले आहे आणि गटाच्या हिशेबातील रकमा, दर व वजने उदाहरणादाखल गोल धरली आहेत. योजनांचे नियम मात्र प्रत्यक्षातील आहेत.

गट आणि त्याचा हंगाम

गटात दहा सदस्या आहेत. होळीपासून मेअखेरपर्यंत चार घरांच्या गच्च्यांवर काम चालते आणि त्या काळात रोज सुमारे दोनशे किलो बटाटा सोलला, कापला, उकडला आणि वाळवला जातो. संपूर्ण हंगामात पंधरा टन बटाटा लागतो. बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते आणि सोलण्यातही घट येते, त्यामुळे एक किलो वाळवलेल्या मालासाठी साडेपाच किलोच्या आसपास कच्चा बटाटा जातो. म्हणजे पंधरा टनांतून २,७०० किलो माल तयार होतो. सरासरी ३०० रुपये किलो हा भाव धरला, तर वर्षाची उलाढाल आठ लाखांच्या थोडी वर जाते. कच्च्या मालाचा, तेला-मिठाचा, पिशव्यांचा आणि रिक्षाभाड्याचा खर्च वजा करून जे उरते ते दहा जणींत वाटले की प्रत्येकीच्या हातात हंगामी कमाई येते. ती पगारासारखी नियमित नसते.

मागणीचे पंचांग वेगळे आहे. आषाढी एकादशीपासून उपवासाच्या पदार्थांची विचारणा वाढते, श्रावणात ती शिगेला जाते आणि शारदीय नवरात्रापर्यंत टिकते. नेमके या काळात गटाचे उत्पादन बंद असते, कारण जूनच्या मध्यानंतर इंदूरमध्ये पाऊस सुरू होतो आणि गच्ची निरुपयोगी होते. उन्हाळ्यात केलेला साठा श्रावणाच्या मध्यापर्यंत संपतो. त्यापुढे येणाऱ्या ऑर्डरी परत कराव्या लागतात आणि दुकानदार दुसरीकडून माल घेऊ लागतो. एकदा गेलेला दुकानदार पुढच्या वर्षी सहज परत येत नाही, हे गटातील ज्येष्ठ काकूंनी सर्वांच्या आधी ओळखले होते. अनुदानाचा विचार सुरू झाला तो त्यांच्या आग्रहामुळे.

पहिला प्रस्ताव

प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग उन्नयन योजना २०२० मध्ये दहा हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली. मध्य प्रदेशात ती उद्यानिकी आणि खाद्य प्रसंस्करण विभागामार्फत राबवली जाते आणि खर्चाचा भार केंद्र व राज्य ६० आणि ४० या प्रमाणात उचलतात. वैयक्तिक उद्योजकाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. स्वयंसहायता गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था यांनाही ३५ टक्क्यांचेच प्रमाण लागू आहे, परंतु त्यांची कमाल मर्यादा बरीच वरची आहे. अर्जदाराने किमान दहा टक्के रक्कम स्वतःची घालायची असते आणि उरलेली बँक कर्जाऊ देते. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. भाड्याच्या शेडचे भाडे धरता येते, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचे.

गटाने पहिला प्रस्ताव २४ लाख रुपयांचा केला. त्यात नऊ लाखांची शीतखोली, दहा लाखांची तळण्याच्या वेफरची स्वयंचलित ओळ आणि पाच लाखांचे पॅकिंग, वीजजोडणी व इतर खर्च होते. अनुदान ८ लाख ४० हजार आणि स्वतःचा वाटा २ लाख ४० हजार असा आकडा समोर आल्यावर गटात उत्साह होता, कारण प्रकल्प जितका मोठा तितके अनुदान मोठे हे गणित कोणालाही चटकन पटते. माझ्या मते या योजनेतील सर्वांत मोठा मोह येथेच आहे. टक्केवारीच्या अनुदानात प्रत्येक जास्तीचे यंत्र एक तृतीयांश फुकट असल्यासारखे वाटते आणि उरलेले दोन तृतीयांश कर्ज आहे याचा विसर पडतो.

बँकेचा हिशेब निराळा होता. अनुदान मागाहून कर्जात वळते होत असल्यामुळे २४ लाखांतील स्वतःचा वाटा सोडून उरलेले २१ लाख ६० हजार आधी कर्ज म्हणूनच निघणार होते. अकरा टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता जवळपास ४७ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ६० हजारांच्या पुढे जातो. आठ लाख उलाढाल असलेल्या गटाने हा हप्ता कशातून भरायचा, असा प्रश्न शाखाधिकाऱ्यांनी विचारला आणि प्रस्ताव परत केला. हा प्रश्न गटाला अपमानास्पद वाटला. तरी त्याचे उत्तर प्रस्तावात कोठेही नव्हते, हे मान्य करावे लागते.

प्रस्ताव लिहिण्यासाठी योजनेतून जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि अर्जदाराला त्यांना पैसे द्यावे लागत नाहीत. मंजूर होणाऱ्या प्रत्येक प्रकरणामागे वीस हजार रुपये हे त्यांचे मानधन योजनाच देते. ही सोय चांगली आहे, कारण एरवी अशा गटांना एखाद्या दलालाच्या दारात जावे लागले असते. मात्र मानधन कर्ज मंजूर होण्याशी आणि त्यानंतरच्या नोंदण्यांशी बांधलेले असल्यामुळे यंत्र योग्य आहे की नाही, ते तीन वर्षांनी चालू असेल की नाही, हा विचार त्या व्यक्तीच्या कामाच्या चौकटीत येत नाही. तो गटालाच करावा लागतो.

साखरेचा प्रश्न

प्रस्ताव परत आल्यानंतर गटाने एक उपयुक्त गोष्ट केली. पावसाळ्यात माल का होत नाही याची कारणे नुसती बोलून न सोडता एक खेप प्रत्यक्ष करून पाहिली. ऑगस्टमध्ये मंडीतून शीतगृहातला बटाटा आणला, घरगुती विद्युत ओव्हनमध्ये थोडा वाळवला आणि तळला. वेफर तांबूस-काळे पडले आणि चवीला कडवट झाले. वाळवणीची अडचण यंत्राने सुटू शकत होती, पण रंगाची अडचण वाळवणीच्या आधीची होती.

तिचे कारण बटाट्याच्या साठवणीत आहे. खाण्याचा आणि बियाण्याचा बटाटा शीतगृहात साधारणपणे २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात, कारण त्या तापमानाला त्याला मोड येत नाहीत आणि वजनही फारसे घटत नाही. परंतु इतक्या थंडीत बटाट्यातील पिष्टाचे काही प्रमाणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरांत रूपांतर होते. तळताना या साखरा आणि बटाट्यातील अमिनो आम्ले यांची प्रक्रिया होऊन तपकिरी रंग येतो. म्हणून तळणीसाठीचा बटाटा १० ते १२ अंशांना ठेवतात आणि मोड रोखण्यासाठी त्याला सीआयपीसी या रसायनाची धुरी देतात. युरोपीय संघाने २०१९ मध्ये या रसायनाची मान्यता पुढे चालू ठेवली नाही. त्याचा अंश मुख्यतः सालीत राहतो, त्यामुळे साल जाड काढणे आणि काप दोनदा धुणे हा गटाने नंतर स्वतःसाठी घालून घेतलेला नियम योग्यच म्हटला पाहिजे.

वाणाचाही प्रश्न होता. गट मंडीत जो स्वस्त मिळेल तो बटाटा घेत असे, आणि तो बहुधा पुखराज किंवा ज्योती असे. पुखराज लवकर येतो आणि भरपूर उत्पन्न देतो, पण त्यात पाणी अधिक असते. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ हे वाण खास प्रक्रियेसाठी दिले. चांगल्या वेफरसाठी घनपदार्थ, म्हणजे पाणी वजा जाता उरणारा भाग, वीस टक्क्यांहून अधिक आणि साखर अत्यल्प असावी लागते, आणि त्या मापाला हे वाण उतरतात. माळव्यातील शेतकरी चिप्सोना आणि एलआर (लेडी रोसेटा) हे वाण वेफर कंपन्यांसाठी घेतातच. म्हणजे गटाला हवा असलेला बटाटा शहराबाहेर तासाभराच्या वाटेवर पिकत होता, फक्त तो मंडीच्या ढिगात गटापर्यंत येत नव्हता.

घनपदार्थांचा फरक दिसायला लहान असला तरी हिशेबात मोठा आहे. सोळा टक्के घनपदार्थ असलेल्या बटाट्याऐवजी वीस टक्क्यांचा घेतला, तर तेवढ्याच सोलण्या-कापण्यातून वाळवलेला माल चौथाईने वाढतो आणि वाळवताना उडवावे लागणारे पाणीही कमी होते. किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त देऊनही असा बटाटा स्वस्त पडतो. मंडीत मात्र भाव ठरतो तो आकारावर, सालीच्या चकाकीवर आणि त्या दिवशीच्या आवकेवर, आणि घनपदार्थ तेथे कोणी विचारत नाही.

आता पहिल्या प्रस्तावातील शीतखोलीकडे पुन्हा पाहिले तर ती दोन्ही बाजूंनी चुकीची ठरते. नऊ लाखांत मिळणारी खोली दहा टनांची होती, तर पावसाळी उत्पादनाला वीस टन लागणार होते. शिवाय बटाटा श्वसन करतो, कर्बवायू सोडतो आणि त्याला हवा खेळती लागते. दूध-फळांसाठी बनवलेली छोटी खोली त्याला पुरी पडत नाही आणि वीज गेली की मे महिन्याच्या उन्हात लवकरच मोड आणि कूज दिसू लागते. तळण्याची ओळही अशीच अस्थानी होती. इंदूर हे नमकीनचे शहर आहे. तेथे तळलेले वेफर विकायला उतरणे म्हणजे शेकडो भट्ट्यांशी भावाची स्पर्धा करणे. गटाचे वेगळेपण वाळवलेल्या, घरी तळायच्या, उपवासाला चालणाऱ्या मालात होते आणि प्रस्तावाने नेमके तेच सोडून दिले होते.

दुसरा प्रस्ताव

गटाने साखळीचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा मार्ग धरला.

पहिला तुकडा प्रक्रियेचा. यासाठी सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेखाली बारा लाखांचा प्रस्ताव झाला. सोलणी आणि काप यंत्र, वाफवण्याची टाकी, पॉलिकार्बोनेटचा सौर वाळवणी बोगदा, ट्रे असलेला विद्युत ड्रायर, वजन व सीलिंगची साधने आणि पालदा औद्योगिक भागातील भाड्याच्या शेडची दुरुस्ती व जोडणी एवढेच त्यात होते. सौर आणि विद्युत अशी दोन्ही साधने घेण्यावर बरीच चर्चा झाली. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकी आर्द्रता असते की केवळ सौर बोगद्यावर माल वेळेत सुकत नाही आणि चिकट होतो. केवळ विजेवर चालवले तर उन्हाळ्यात फुकट मिळणारे ऊन वाया जाते.

विजेचा हिशेब येथे नोंदवण्यासारखा आहे, कारण अशा प्रस्तावांत तो सहसा नसतो. पावसाळ्यात रोज २५० किलो बटाटा घेतला, तर सोलून सुमारे २१० किलो उरतो आणि त्यातून ४५ किलो वाळवलेला माल निघतो. म्हणजे रोज साधारण १६५ लिटर पाणी उडवावे लागते. साध्या विद्युत ड्रायरला लिटरमागे एक ते दीड युनिट वीज लागते असे धरले आणि युनिटचा दर आठ रुपये मानला, तर तयार मालावर किलोमागे ३० ते ४४ रुपयांचा बोजा पडतो. उन्हाळी मालावर हा खर्च नाही. तेव्हा श्रावणातला माल ३४० रुपयांच्या खाली विकला तर तो गच्चीवरच्या मालापेक्षा कमी नफा देतो, हे गटाला यंत्र घेण्याआधी कळले. दुकानदारांशी बोलल्यावर या दिवसांत तेवढा भाव मिळण्यास हरकत नसल्याचे दिसले, म्हणून प्रस्ताव पुढे गेला.

दुसरा तुकडा साठवणीचा. येथे गटाने स्वतःचे बांधकाम पूर्णपणे सोडून दिले. मोठ्या शीतगृहात एका कक्षात एकच तापमान ठेवतात आणि वीस टनांसाठी कोणी आख्खा कक्ष १० ते १२ अंशांवर चालवणार नाही. मात्र महू तहसिलीतील एक शेतकरी उत्पादक कंपनी आपल्या सभासदांचा वेफरजोगा बटाटा अशा कक्षात ठेवतच होती. तिच्या मालाबरोबर गटाचे वीस टन ठेवायचे, भाडे टनावर द्यायचे आणि जुलैपासून आठवड्याला दीड-दोन टन उचलायचे असे ठरले. कंपनीलाही यात लाभ होता, कारण वेफर कंपन्या आकाराने लहान म्हणून नाकारतात तो बटाटा किसासाठी चालतो आणि एरवी तो मंडीत पडेल भावाला जातो.

उत्पादक कंपनीची स्वतःची अडचण शेताजवळची होती. निघालेला बटाटा उन्हात पडून राहतो, तो हिरवा पडू नये म्हणून सावली आणि साल पक्की होण्यासाठी काही दिवस मोकळी हवा लागते आणि त्यानंतर प्रतवारी करावी लागते. यासाठी कृषी पायाभूत सुविधा निधीचा मार्ग योग्य होता. एक लाख कोटी रुपयांच्या या निधीतून भांडवली अनुदान मिळत नाही. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत तीन टक्के व्याजसवलत मिळते आणि पतहमीची सोय असते. इतर योजनांच्या अनुदानाशी हा निधी जोडता येतो. वीस लाखांचे कर्ज घेतले तर पहिल्या वर्षी सवलत साठ हजारांच्या आसपास होते. ३५ टक्क्यांच्या तुलनेत हा आकडा किरकोळ वाटतो, पण दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याच्या २०२० च्या योजनेतून व्यवस्थापन खर्च आणि समभाग अनुदान मिळालेल्या कंपनीला प्रतवारी शेडसाठी तो पुरेसा आधार असतो.

तिसरा तुकडा खेळत्या भांडवलाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित. ३५ टक्के अनुदान भांडवली खर्चावर आहे. बटाटा विकत घेण्यासाठी ते उपयोगाचे नाही. मार्चमध्ये उन्हाळी कामासाठी पंधरा टन आणि साठवणीसाठी वीस टन असा ३५ टन बटाटा बारा रुपये किलोने घ्यायचा म्हटला, तर एका महिन्यात ४ लाख २० हजार रुपये लागतात. त्यात बारदान, हमाली, वाहतूक आणि शीतगृहाचे भाडे मिळवायचे. साठवलेल्या वीस टनांचे पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत मोकळे होत नाहीत. योजनेत यासाठी स्वयंसहायता गटाच्या प्रत्येक सदस्येमागे चाळीस हजार रुपयांचे बीज भांडवल आहे. दहा जणींचे चार लाख होतात. ही रक्कम अशा अनेक गटांच्या संघामार्फत येते आणि संघ ती सदस्यांना परतफेडीच्या अटीवर देतो. बऱ्याच गटांत ही रक्कम खात्यावर जमा झाली की भेट समजून वाटून घेतली जाते. या गटाने ती बटाटा खरेदीसाठी एकत्र ठेवण्याचा ठराव बैठकीच्या वहीत लिहून घेतला आणि त्यावर दहाही सह्या झाल्या.

मध्येच एक सोपी वाट सुचवली गेली होती. गटाच्या नावाऐवजी एका सदस्येच्या नावे वैयक्तिक अर्ज करावा, कारण तिचे पतगुण चांगले आहेत, कागद कमी लागतात आणि कमाल दहा लाखांची मर्यादा बारा लाखांच्या प्रकल्पाला आडवी येत नाही. हिशेबाने हे खरे होते. मात्र तसे केले असते तर यंत्रे त्या वहिनींची, कर्ज त्यांचे आणि बाकी नऊ जणी त्यांच्या मजूर झाल्या असत्या. शिवाय बीज भांडवल गटासाठीच आहे. गटाने पॅन कार्ड, बँक खाते, बैठकांची आणि अंतर्गत कर्जांची वही हे सर्व नीट करण्यात तीन महिने घालवले. मला हा विलंब योग्य वाटतो, जरी त्यामुळे एक हंगाम हातचा गेला.

पैसा केव्हा येतो

बारा लाखांच्या प्रकल्पात स्वतःचा वाटा १ लाख २० हजार, कर्ज १० लाख ८० हजार आणि अनुदान ४ लाख २० हजार. येथे एक नियम नीट समजून घ्यावा लागतो. अनुदानाची रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात ठेवली जाते आणि तेवढ्या कर्जावर व्याज आकारले जात नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यानंतर तीन वर्षांनी खाते नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तरच ही रक्कम कर्जात वळती होते. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि अनुदानावरचा हक्क धोक्यात येतो. म्हणजे अनुदान मंजूर होणे हा व्यवहाराचा आरंभ आहे. ते टिकते परतफेडीच्या वेळापत्रकावर, आणि वाळवणाच्या धंद्यात ते वेळापत्रक बटाट्याच्या आणि उपवासाच्या पंचांगाशी जुळवावे लागते.

कर्ज जानेवारीत उचलले आणि हप्ते फेब्रुवारीपासून सुरू झाले असे समजू. अनुदानाची रक्कम बँकेत जमा होईपर्यंत हप्ता पूर्ण कर्जावर बसतो आणि तो सुमारे २३,५०० रुपये होतो. फेब्रुवारी ते जुलै या सहा हप्त्यांचे १ लाख ४१ हजार रुपये होतात आणि या काळात गटाकडे विक्री जवळजवळ नसते. आषाढी एकादशीला गेलेल्या मालाचे पैसेही दुकानदार महिना-दीड महिन्याने देतात. याच सहा महिन्यांत बटाटा खरेदीचे चार लाखांहून अधिक अडकलेले असतात. पाच महिन्यांनी येणाऱ्या पैशाच्या भरवशावर चांगला चालणारा गटही येथे थकबाकीदार होऊ शकतो.

म्हणून गटाने व्याजदरासाठी घासाघीस केली नाही. सहा महिन्यांची हप्तेसूट मागितली. त्या काळाचे व्याज, जवळपास साठ हजार रुपये, सोडले जात नाही, पण मुद्दलाचा पहिला हप्ता ऑगस्टमध्ये पडतो. अनुदान खात्यात आल्यानंतर व्याजाचा भार प्रत्यक्षात ६ लाख ६० हजारांवरच राहतो. तेवढ्याच रकमेवर पाच वर्षांचा हप्ता काढला तर तो १४,३५० रुपयांच्या आसपास येतो, आणि गटाच्या खऱ्या क्षमतेचे माप हेच आहे. शाखाधिकाऱ्यांनी या वेळी महिनावार रोख आवक-जावक मागितली आणि गटाने ती मागच्या दोन वर्षांच्या विक्रीच्या वहीवरून काढून दिली. प्रकरण मंजूर झाले.

इतर बाबी लवकर आटोपल्या. अन्न सुरक्षेची नोंदणी, उद्यम नोंदणी आणि शेडच्या भाडेकराराची नोंद यांत विशेष काही नव्हते. तीन फेजच्या जोडणीसाठी शेडमालकाचे संमतीपत्र लागते, ते करारातच घालून घेतले होते. ब्रँडिंगच्या खर्चासाठी योजनेत ५० टक्क्यांपर्यंत मदत आहे. ती मात्र गट आणि संघ एकत्र येऊन मागतात, आणि दहा जणींच्या एका गटाने आजच तिच्यामागे लागण्याचे कारण मला दिसत नाही.

साली आणि कापातले उरलेसुरले दिवसाला ४० किलोच्या घरात जाते. इंदूरमध्ये ओला कचरा वेगळा उचलला जातो, तेव्हा ते रोजच्या गाडीत जाऊ शकते. तथापि गटातील एका सदस्येने ते गावी नेऊन कंपोस्ट करण्याचे ठरवले आहे. ज्या शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शंभर वर्षांपूर्वी ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेलेली खतनिर्मितीची रीत बसवली, तेथे हे शोभण्यासारखेच आहे.

पहिला पावसाळा आणि राहिलेले प्रश्न

पहिल्या पावसाळ्यात साठवलेल्या वीस टनांपैकी घट जाऊन एकोणीस टनांच्या आत बटाटा हाती आला. त्यातून तीन हजार किलोंच्या थोडा वर माल झाला, जो हिशेबाने ३,४०० किलो व्हायला हवा होता. उरलेली तूट दोन ठिकाणी गेली. ड्रायर पहिले तीन आठवडे पूर्ण क्षमतेने चालला नाही, आणि ऑगस्टअखेरची एक खेप तळून पाहिली तेव्हा तांबूस निघाली. ती खेप दोन आठवडे सामान्य तापमानाला ठेवली असता रंग बराचसा सुधारला, कारण उबेत काही साखर पुन्हा पिष्टात जाते, पण त्या मुदतीत काही बटाट्यांना मोड आले.

कक्षाचे तापमान काही दिवस खाली गेले होते असा गटाचा तर्क आहे. बटाटाच अपुरा पिकलेला होता असे उत्पादक कंपनी म्हणते. तापमानाची नोंद शीतगृहाकडे असते आणि ती मागण्याचा हक्क करारात लिहिलेला नव्हता. शासकीय योजनांत शेड, यंत्र, कक्ष यांना पैसा आहे, परंतु दोन लहान संस्थांमधला करार, नमुना तपासणी आणि तापमानाची वही यांना कोठेही खर्चाचे शीर्ष नाही. वास्तविक हे काम काही हजार रुपयांचे आहे. वीस टनांच्या मालाचा रंग त्याच्यावर अवलंबून असतो.

उत्पादक कंपनीचा पायाभूत सुविधा निधीचा अर्ज जमिनीच्या भाडेपट्ट्यापाशी अडला आहे. कर्जाच्या मुदतीपेक्षा पट्ट्याची मुदत मोठी असावी असे बँक म्हणते आणि जमीनमालक पाच वर्षांपुढे जाण्यास तयार नाही. दुसरी जागा पाहणे चालू आहे. शेड नसेल तर येत्या हंगामातही प्रतवारी झाडाखाली होईल आणि गटाला आकाराने मिसळलेला माल घ्यावा लागेल.

दरम्यान नव्या कराराचा मसुदा दोन्ही बाजूंनी मिळून केला आहे. कक्षात माल ठेवताना आणि दर पंधरवड्याला दहा बटाट्यांचे काप तळून पाहायचे आणि त्यांचा रंग ठरलेल्या नमुन्याशी ताडायचा, तापमानाची नोंद दर सोमवारी गटाला पाठवायची, आणि उचलतेवेळी रंग नापास झाला तर त्या खेपेचे भाडे द्यायचे नाही, अशी त्यातील तीन कलमे आहेत. तिसऱ्या कलमाला शीतगृहाची संमती अद्याप मिळालेली नाही. जानेवारीत महूकडची काढणी सुरू होण्यापूर्वी ती मिळाली नाही, तर वीस टनांऐवजी आठ टनच ठेवायचे आणि बाकी काम पुन्हा गच्चीवर व सौर बोगद्यात उन्हाळ्यातच उरकायचे, असे गटाने बैठकीत ठरवून ठेवले आहे.